तिसरे शील आणि आपली वयात येणारी मुले

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या, वस्तीवस्तीतल्या विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. पांढऱ्या साडीतल्या उपासिका, पांढऱ्या सदऱ्यातले उपासक आणि पुढच्या सतरंजीवर बसलेली मुले एका सुरात त्रिसरण-पंचशील म्हणतात. चोरी म्हणजे काय, खोटे बोलणे म्हणजे काय, दारूने घर कसे बुडते, हे आपण मुलांना उदाहरणे देऊन समजावतो. तिसऱ्या शीलाशी आलो की मात्र आपली जीभ अडखळते. 'कामेसु मिच्छाचारा' म्हणजे काय, असे तेरा वर्षांच्या मुलीने विचारले तर आई पदर सावरते, बाप खाकरतो आणि 'मोठी झालीस की कळेल' म्हणून विषय मिटवला जातो.

मुलगी मोठी होते, तिला कळतेही; पण आपल्याकडून कळत नाही. मैत्रिणीच्या कुजबुजीतून कळते, मुलांना चौकातल्या टोळक्यात कळते आणि आता तर हातातल्या मोबाईलवर नको ते, नको त्या रूपात कळते. त्यात शरीराचे शास्त्र नसते, माणसाची प्रतिष्ठा नसते आणि रोगापासून स्वतःला कसे जपावे याचा एक शब्द नसतो. शीलाला पाली भाषेत शिक्षापद म्हणतात. शिक्षापद म्हणजे शिकण्याची गोष्ट. जे शिकवलेच नाही ते मुलांनी पाळावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

हा प्रश्न आम्ही एच.आय.व्ही. आणि एड्सच्या संदर्भात विचारतो आहोत. हा रोग आता संपला, असा समज पसरू लागला आहे. तो खरा नाही. २०२३ सालच्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख माणसे एच.आय.व्ही. सह जगत आहेत आणि त्या एका वर्षात सुमारे ६८ हजार जणांना नव्याने लागण झाली. राज्यांत बाधितांची सर्वांत मोठी संख्या आपल्या महाराष्ट्रात आहे. औषधे निघाली, मरणे कमी झाली, ही मोठी समाधानाची बाब. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या रोगाची सर्वांगीण, बिनचूक माहिती असणाऱ्या स्त्रिया शंभरात जेमतेम २२ आणि पुरुष शंभरात ३१ आढळले. ही १५ ते ४९ वयाच्या लोकांची स्थिती. ज्यांनी शिकवायचे त्यांनाच माहिती नाही, तर मुलांनी कोणाकडे पाहावे?

रोग कसा होतो, कसा होत नाही

प्रथम साध्या शब्दांत शास्त्र सांगू. एच.आय.व्ही. हा विषाणू आहे. तो रक्तातील रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी नष्ट करतो. उपचार घेतले नाहीत तर काही वर्षांनी शरीर इतके दुबळे होते की क्षयासारखे रोग त्यात घर करतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. लागण झाल्यावर माणूस आठ-दहा वर्षे धडधाकट दिसू शकतो. म्हणून 'तोंडावरून ओळखू येते' ही समजूत घातक आहे.

तो पसरण्याचे मार्ग चार : निरोध न वापरता केलेला लैंगिक संबंध, बाधित रक्त, एकाची सुई दुसऱ्याला वापरणे आणि बाधित आईकडून गरोदरपणात, बाळंतपणात वा अंगावरच्या दुधातून बाळाला. एका ताटात जेवल्याने, हात धरल्याने, एका संडासात गेल्याने, डास चावल्याने, खोकल्याने तो होत नाही. निरोध नीट आणि प्रत्येक वेळी वापरला तर लागणीचा धोका फार कमी होतो. आईला वेळेवर औषधे मिळाली तर शंभरातील पंच्याण्णवांहून अधिक बाळे निरोगी राहतात.

सरकारी रुग्णालयात, समुपदेशन व चाचणी केंद्रात रक्ताची तपासणी फुकट होते आणि नाव गुप्त राहते. अठरा वर्षांखालील मुलांच्या चाचणीला पालकांची संमती लागते. लागण झाल्यावर पहिले काही आठवडे ती चाचणीत दिसत नाही, म्हणून शंका असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे लागते. १ एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटीची औषधे मोफत देण्यास सुरुवात केली. ही गोळी रोज, न चुकता, जन्मभर घ्यायची. ती नियमित घेऊन ज्याच्या रक्तातील विषाणू चाचणीत मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता शास्त्राने सिद्ध झाले आहे. ही गोष्ट आपल्या प्रत्येक मुलामुलीला ठाऊक असली पाहिजे. कारण तीमुळे भीतीही जाते आणि औषधावरचा विश्वासही वाढतो.

शाळेचे दार

हे शिक्षण शाळेत मिळायला हवे होते. केंद्र सरकारने २००५ च्या सुमारास किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आणला, शिक्षकांसाठी पुस्तिका छापल्या. २००७ मध्ये त्यातील चित्रांवरून आणि मजकुरावरून महाराष्ट्राच्या विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्याने तो कार्यक्रम थांबवला. इतर काही राज्यांतही तसेच घडले. 'आपल्या संस्कृतीला हे शोभत नाही' हे त्या वेळचे मुख्य म्हणणे होते. पुढे आयुष्मान भारत योजनेतील शालेय आरोग्य कार्यक्रमात एच.आय.व्ही. प्रतिबंधाचा विषय पुन्हा आला खरा. पण पुस्तकात विषय असणे आणि वर्गात तो शिकवला जाणे यात किती अंतर असते, हे पालकांना सांगायला नको. पुनरुत्पादनाचा धडा 'घरी वाचून या' म्हणून सोडून देणारे गुरुजी आपण सर्वांनी पाहिले आहेत.

अशा शिक्षणाने मुले बिघडतात, असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. युनेस्कोने जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन २०१८ मध्ये जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात असे शिक्षण मिळाल्याने मुले लवकर संबंधांकडे वळतात असे आढळत नसल्याचे स्पष्ट म्हटले आहे. उलट योग्य शिक्षणाने मुले थांबतात, विचार करतात आणि काळजी घेतात.

आणि 'संस्कृती' कोणाची? ज्या संस्कृतीने ज्ञान चार भिंतींत कोंडले, तिची लाज आपण का वाहावी? आपला वारसा वेगळा आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. लैंगिक प्रश्नांची शास्त्रीय उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला न्यायालयात उभे राहिले ते बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर. वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना शास्त्राधारे उत्तर देणे ही अश्लीलता नव्हे, अज्ञान ज्ञानानेच दूर होते, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण बाबासाहेब कोणत्या बाजूला उभे होते हे इतिहासात नोंदले गेले. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. तो स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मांडला आणि त्यामागे बाबासाहेब होते. त्या काळात ज्यांनी हे धाडस केले, त्यांच्या लेकरांनी आज विहारात 'निरोध' हा शब्द उच्चारायला लाजावे काय?

आपल्या घरची भाषा

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. माहिती शास्त्रशुद्ध असली म्हणजे ती पोहोचते असे नाही. दवाखान्याच्या भिंतीवर लाल फितीचे चित्र असते, खाली 'सुरक्षित लैंगिक वर्तन ठेवा' असे लिहिलेले असते. आठवीतल्या मुलाला त्यातून काय कळणार? शिकवण पोहोचायची तर ती ज्यांना द्यायची त्यांचे जगणे ओळखून द्यावी लागते. त्यांचे सण, त्यांच्या कामाच्या जागा, त्यांच्या अडचणी आणि त्यांचा अभिमान तिच्यात आला पाहिजे. नुसते वर निळ्या अक्षरांत 'जयभीम' छापून आतला मजकूर तोच ठेवला, तर ती आपली शिकवण होत नाही.

काही उदाहरणे घेऊ. जयंतीच्या दिवसांत, यात्रेत, दीक्षाभूमीला वा चैत्यभूमीला जाता-येताना कितीतरी पोरे हातावर 'जयभीम' गोंदवून घेतात. अभिमानाची गोष्ट आहे. पण रस्त्याकडेला बसलेला गोंदणारा एकच सुई दहा हातांवर फिरवत असेल तर तिच्यातून कावीळ ब आणि क सहज पसरते आणि एच.आय.व्ही.चाही धोका राहतो. म्हणून मुलाला 'गोंदवू नकोस' म्हणण्यापेक्षा 'सुई माझ्यासमोर नवी फोड आणि शाई नव्या टोपणात घे, असे गोंदणाऱ्याला सांग' हे शिकवावे. ते तो ऐकेल.

१४ एप्रिलला आपली मंडळे रक्तदान शिबिरे घेतात. 'रक्त दिल्याने एड्स होतो' या भीतीने कित्येक तरुण मागे सरतात. रक्त देताना प्रत्येकाला नवी सुई असते. देणाऱ्याला काहीही धोका नाही. रक्तपेढीतले रक्त एच.आय.व्ही. साठी तपासणे १९८९ पासून बंधनकारक आहे. हा धडा शिबिराच्या मांडवातच दोन मिनिटांत देता येतो.

आपली मुले ऊसतोडीला आईबापांबरोबर जातात, वीटभट्टीवर राहतात, ट्रकवर क्लीनर म्हणून चढतात, समाजकल्याणच्या वसतिगृहात दहा-दहा महिने घराबाहेर काढतात. सोळा वर्षांच्या क्लीनर पोराला कोणी मोठा ड्रायव्हर 'चल, मर्द हो' म्हणून धाब्यामागे ओढतो, तेव्हा त्याला नकार कसा द्यायचा हे कोणी शिकवले आहे? वसतिगृहात मोठा मुलगा लहान मुलावर जबरदस्ती करतो, तेव्हा ते लेकरू कोणाला सांगेल? यात लहान मुलाचा दोष नाही, १०९८ या क्रमांकावर बालकांना मदत मिळते आणि अशा प्रसंगानंतर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात गेल्यास लागण टाळण्याची औषधे सुरू करता येतात, हे मुलांना आणि पालकांना माहीत हवे. मुलग्यांना मुलग्यांबद्दल वाटणारी ओढ हाही थट्टेचा विषय नाही. अशी मुले आपल्याही घरांत आहेत. लपून राहावे लागते म्हणूनच त्यांचा धोका वाढतो. त्यांना घरातून हाकलून नव्हे, जवळ घेऊनच वाचवता येईल.

आणि मुली! त्याच पाहणीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात सुमारे २२ जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. पंधराव्या-सोळाव्या वर्षी बोहल्यावर चढलेली पोर नवऱ्याला 'तपासणी करून घ्या' असे कसे म्हणणार? मुलीला शिकवणे आणि तिचे लग्न कायद्याने ठरलेल्या वयाआधी न करणे, हाही एच.आय.व्ही. प्रतिबंधाचाच भाग आहे. पत्रिका आणि गुण जुळवणे आपण सोडले. त्याऐवजी लग्नापूर्वी दोघांनी स्वखुशीने रक्त तपासून घेण्याची चाल आपल्या समाजात पडली तर ती खरी धम्मक्रांतीला साजेशी होईल.

शीलाचा निकाल रोगाने लागत नाही

इथे आमच्या काही वडीलधाऱ्या वाचकांचा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. ते म्हणतील, 'पंचशील पाळले की एड्स होतच नाही. मग हा सगळा खटाटोप कशाला? निरोधाची माहिती देणे म्हणजे मुलांना तिसरे शील मोडायला परवानगी देणे.' हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

शीलाचे महत्त्व आम्ही कमी मानत नाही. २२ प्रतिज्ञांमध्ये व्यभिचार न करण्याची प्रतिज्ञा बाबासाहेबांनी विचारपूर्वक घातली. संयमाने, एकनिष्ठेने जगणारा माणूस या रोगापासून पुष्कळ अंशी सुरक्षित असतो, हे शास्त्रही सांगते. मुलांना आपण पहिली गोष्ट हीच सांगावी : घाई करू नका, शिक्षण पूर्ण करा, दुसऱ्याच्या शरीराचा आणि मनाचा मान राखा. पण एवढ्यावर थांबलो तर दोन अन्याय होतात.

पहिला अन्याय त्या स्त्रीवर, जिने आयुष्यात एकाही परपुरुषाकडे पाहिले नाही आणि जिला लागण झाली ती नवऱ्याकडून. अशा असंख्य माताभगिनी या राज्यात आहेत. त्यांनी कोणते शील मोडले? जन्मतःच लागण घेऊन आलेल्या लेकराने कोणते मोडले? 'शील पाळणाऱ्याला हा रोग होत नाही' असे विहारात सांगितले की ऐकणारा मुलगा मनात उलटा हिशोब करतो, 'म्हणजे ज्याला झाला तो दुःशील'. मग त्या विधवेच्या दाराशी कोणी जात नाही. शील ही जगण्याची शिस्त आहे. रक्ततपासणीचा कागद म्हणजे शीलाचे प्रमाणपत्र नव्हे.

दुसरा अन्याय त्या मुलावर, ज्याचे पाऊल घसरणार आहे. सर्वच मुले सर्व काळ शील पाळतील असे गृहीत धरून आपण दारूविरुद्ध प्रचार थांबवत नाही. पाऊल घसरले तरी जीव जाऊ नये, एवढी करुणा धम्मात नक्कीच आहे. निरोधाची माहिती ही परवानगी नव्हे. ती जीव वाचवण्याची माहिती आहे.

शिवाय सतरंजीवर बसलेले एखादे मूल कोणाचे आहे याचाही विचार करावा. देवाला मुली सोडण्याची चाल आपल्याच दुबळ्या घरांवर लादली गेली. १६ जून १९३६ रोजी मुंबईत दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या आणि जोगतिणींची सभा झाली, तेव्हा बाबासाहेब स्वतः त्यांच्यापुढे उभे राहून बोलले. तो मार्ग सोडा असे त्यांनी स्पष्ट सांगितले, पण त्यांना टाळले नाही. आज 'वाईट बायकांपासून दूर राहा, त्यांच्यामुळे रोग होतो' असा धडा आपण दिला, तर ऐकणाऱ्यांतल्या एखाद्या लेकराच्या आईला वा मावशीलाच आपण शिवी दिलेली असते. सांगलीत 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून जे काम केले आणि १९९६ मध्ये त्याच वस्तीतल्या स्त्रियांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली, त्यांनी तर या स्त्रियांनाच शिक्षिका केले. निरोधाचा आग्रह धरण्याचे शिक्षण त्यांनी एकमेकींना दिले. ज्यांना समाज रोगाचे कारण म्हणत होता, त्यांनीच रोग रोखण्याचे काम हाती घेतले.

बौद्ध देशाचा धडा

थायलंड हा बौद्ध देश. १९९३ च्या सुमारास तेथे सैन्यात भरती होणाऱ्या तरुणांपैकी शंभरात सुमारे चौघांना लागण झालेली होती; उत्तरेकडे तर त्याहून अधिक. सरकारने निरोधाचा सक्तीने प्रसार केला आणि नव्या लागणी झपाट्याने खाली आल्या. पण भीती आणि तिरस्कार सरकारी हुकमाने जात नाहीत. १९९७ मध्ये चियांग माई येथे महामकुट बौद्ध विद्यापीठाच्या शाखेत 'संघ मेत्ता' हा उपक्रम सुरू झाला. भिक्खू, भिक्खुणी आणि श्रामणेर यांना या रोगाचे शास्त्रीय शिक्षण देण्यात आले. त्यांनी चार आर्यसत्यांच्या रीतीने विचार केला : दुःख कोणते, त्याचे कारण काय, ते थांबू शकते काय आणि थांबवण्याचा मार्ग कोणता. कारणांच्या मुळाशी त्यांना अज्ञान दिसले. मग विहार हीच शाळा झाली. बाधितांच्या हातचे अन्न भिक्खूंनी चारचौघांत स्वीकारले. शंभर पत्रकांनी जे झाले नसते ते त्या एका भिक्षापात्राने केले.

हे भिक्खू काही नवे करत नव्हते. विनयपिटकात महावग्गात कथा आहे. अतिसाराने लोळत पडलेल्या, कोणीही न विचारलेल्या एका भिक्खूला तथागतांनी स्वतः आनंदाच्या मदतीने धुतले, पलंगावर निजवले आणि संघाला सांगितले की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्येही आजाऱ्यांविषयीच्या त्यांच्या कळकळीवर स्वतंत्र प्रकरण आहे. तिसऱ्या शीलाच्या जोडीला ही कथा सांगितली, तरच मुलांना पूर्ण धम्म शिकवल्यासारखे होईल.

जलशाची ताकद

आपल्याकडे तर याहून जवळचे साधन आहे. भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. अक्षरशत्रू माणसांपर्यंत चळवळ पोहोचली ती या जलशांतून. आजही जयंतीच्या रात्री कलापथक लागले की पोरेसोरे, म्हातारेकोतारे पहाटेपर्यंत हलत नाहीत. त्यात दहा मिनिटांची बतावणी अशी का असू नये?

सुभान्या : शाहीर, आमच्या घरी किसन आला ना, की आमची आई त्याला येगळ्या कपात च्या देती.
शाहीर : का रं? कप कमी पडलं व्हय?
सुभान्या : कप ढीगभर हाईत. पर त्याला 'ते' झालंय म्हणं.
शाहीर : तुझ्या आज्याला हाटेलात च्या कशात द्यायचं, ठावं हाय का?
सुभान्या : कान तुटलेल्या कपात. भाईर खुंटीला टांगलेला असायचा. पिऊन झाला की त्यानंच धुवून ठेवायचा.
शाहीर : मंग त्याला कंचा रोग हुता?
सुभान्या : रोग कुठला? नुसती जात हुती.
शाहीर : मंग आता त्या खुंटीला कप कोण टांगतंय रं, सुभान्या?

यावर हसू येईल आणि मग मंडपात शांतता होईल. त्या शांततेत शाहिराने चार मार्ग आणि चार गैरसमज सांगावेत. मुले ते जन्मभर विसरणार नाहीत. कारण कान तुटलेल्या कपाची गोष्ट त्यांनी आजीकडून ऐकलेली असते.

चार रविवारांचा वर्ग

केवळ इच्छा पुरत नाही, म्हणून एक रीत सुचवतो. वर्षावासातले चार रविवार यासाठी काढावेत. पहिल्या रविवारी शरीराची ओळख : पाळी, स्वप्नदोष, वयात येताना होणारे बदल, यात लाजण्यासारखे वा घाबरण्यासारखे काही नाही. दुसऱ्या रविवारी रोगाचे शास्त्र. तिसऱ्या रविवारी निर्णय : नकार कसा द्यावा, दुसऱ्याचा नकार कसा मानावा, अठरा वर्षांखालील मुलीशी वा मुलाशी संबंध हा २०१२ च्या कायद्याने गुन्हा का आहे, लग्नाचे वय, चाचणी आणि निरोध. चौथ्या रविवारी आईवडिलांना बोलवावे आणि मुलांनीच त्यांना समजावून सांगावे.

दहा ते तेरा आणि चौदा ते अठरा असे दोन गट करावेत. पहिले तीन वर्ग मुलामुलींचे वेगळे घ्यावेत, म्हणजे मोकळेपणा येतो. मुलींशी आशाताईंनी वा नर्सबाईंनी बोलावे, मुलग्यांशी शिकलेल्या एखाद्या दादाने. सरकारी केंद्रातील समुपदेशक बोलावल्यास येतात. विहारात एक डबा ठेवावा. मुलांनी नाव न लिहिता प्रश्नाची चिठ्ठी त्यात टाकावी आणि प्रत्येक चिठ्ठीला उत्तर मिळावे, एकाही प्रश्नाला हसू नये. कालामांना तथागतांनी सांगितले की ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः पारखून घ्या. तीच शिकवण मुलांना मोबाईलवरील अफवांसाठी द्यावी. शंका उरल्यास १०९७ हा राष्ट्रीय क्रमांक फुकट आहे, तेथे नाव विचारत नाहीत.

भंतेजींनी अशा वर्गाचे उद्घाटन करावे, अशी आमची त्यांना नम्र विनंती आहे. चीवराच्या साक्षीने बोलल्या गेलेल्या शब्दाला वस्तीत लाज चिकटत नाही.

चवदार तळ्याच्या वारसांना

एच.आय.व्ही. बाधितांशी शाळेत, नोकरीत, दवाखान्यात, घर भाड्याने देताना भेदभाव करण्यास २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. बाधित मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, कोणाचा अहवाल त्याच्या संमतीविना चारचौघांत उघड करता येत नाही. पण कायदा असूनही अस्पृश्यता कशी जगते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

२० मार्च १९२७ रोजी महाडला ज्यांनी ओंजळभर पाण्यासाठी मार खाल्ला, त्यांची आपण नातवंडे-पतवंडे. आपल्या घरात आजाऱ्याचा तांब्या वेगळा ठेवला जात असेल, बाधित आईच्या मुलाला वाढदिवसाला बोलावले जात नसेल, अंत्ययात्रेला खांदा द्यायला माणसे मिळत नसतील, तर महाडचे पाणी आपल्याला पचले नाही असेच म्हणावे लागेल.

माताभगिनींनो, बांधवांनो, येत्या वर्षावासात तुमच्या विहारात हा वर्ग घ्या. समितीच्या बैठकीत विषय मांडा, कोणी नाक मुरडले तर १९३४ चा खटला त्याला सांगा. आणि घरी मुलीने तिसऱ्या शीलाचा अर्थ विचारला तर पदर सावरू नका. तिला जवळ बसवा आणि सांगा. तुम्ही सांगितलेले तिला आयुष्यभर पुरेल.

जयभीम!